गाडी बंद, हप्ता चालू: कर्जावर घेतलेली सदोष गाडी परत करण्याचं एक प्रकरण

नवी गाडी वारंवार बंद पडायला लागली की घरात पहिला विचार येतो तो हप्ता थांबवण्याचा. गाडीच चालत नाही तर पैसे कशाचे भरायचे? प्रश्न रास्त आहे, पण कर्जाच्या करारात त्याला जागा नाही. खालचं प्रकरण नेमकं याच ठिकाणी घसरलं आणि नव्वद दिवसांची रेघ ओलांडायच्या आत सावरलं. भारतात अशा वादांत जे वारंवार घडतं त्यावरून ते बेतलं आहे. रकमा आणि तारखा हिशेब समजावा म्हणून धरल्या आहेत. कायदे आणि रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत तसेच दिले आहेत.

व्यवहार

मार्च २०२४ मध्ये एक कुटुंब ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पेट्रोल गाडी घेतं. एक्स-शोरूम किंमत ९,८०,०००. रोड टॅक्स, नोंदणी, विमा धरून ऑन-रोड ११,४०,०००. स्वतःचे २,९०,००० भरले, उरलेले ८,५०,००० बँकेचं कर्ज. व्याज ९.२५ टक्के स्थिर, मुदत ६० महिने, हप्ता १७,७४८ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला खात्यातून आपोआप कापला जाणारा. कर्जदार नवरा, सहकर्जदार बायको. आरसीवर बँकेच्या नावाने हायपोथिकेशनची, म्हणजे गाडी तारण असल्याची, नोंद.

एप्रिलमध्ये, ६४० किलोमीटरवर, चढावर गिअर पडेना. इंजिनाचे फेरे वाढतात, गाडी पुढे सरकत नाही आणि डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचा इशारा लागतो. वर्कशॉपने सॉफ्टवेअर अपडेट मारून त्याच दिवशी गाडी परत दिली. जूनमध्ये पुन्हा तेच: चार दिवस गाडी आत, क्लचची संगणकीय जुळणी नव्याने केली. ऑगस्टमध्ये अकरा दिवस, गिअर बदलणारं हायड्रॉलिक युनिट बदललं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकोणीस दिवस, क्लचचा संच बदलला. २२ डिसेंबरला हायवेवर भर वाहतुकीत गाडी एकाच गिअरमध्ये अडकली आणि टो करून आणावी लागली. मीटरवर तेव्हा ६,१८० किलोमीटर होते. त्याआधीच गाडी एकूण ३५ दिवस वर्कशॉपमध्ये राहिलेली.

जॉब कार्डवर काय लिहिलं होतं

पुढे वर्षभर चाललेल्या वादाचं पारडं इथे झुकलं, म्हणून हे जरा जवळून पाहायला हवं.

जॉब कार्ड म्हणजे गाडी आत घेताना वर्कशॉप करतं ती लेखी नोंद. पहिल्या दोन जॉब कार्डांवर ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात सर्व्हिस अॅडव्हायझरने लिहिलं होतं: "जनरल चेक-अप. टेस्ट ड्राइव्ह ओके." गिअरचा उल्लेखच नाही. म्हणजे कागदोपत्री पाचपैकी दोन बिघाड घडलेच नाहीत. बहुतेक ग्राहक टॅबवर सही करतात, किल्ली देतात आणि निघतात. सही करण्याआधी तो रकाना वाचायचा, "चढावर दुसऱ्या गिअरमधून तिसरा पडत नाही, इशारा लागतो, थंड इंजिनावरही होतं" असं आपल्या शब्दांत लिहून घ्यायचं. अॅडव्हायझर तयार नसेल तर त्याच दिवशी डीलरच्या अधिकृत ईमेलवर तीच तक्रार जॉब कार्डच्या क्रमांकासह पाठवायची.

तिसऱ्या खेपेपासून या कुटुंबाने ते केलं. शिवाय आणखी एक कागद मागितला, जो सहसा कुणी मागत नाही: स्कॅनरचा प्रिंटआउट, तोही कोड पुसण्याआधीचा. गाडी स्कॅनरला जोडली की मेकॅनिक बिघाडाचे कोड वाचतो आणि काम झालं की ते पुसून टाकतो. पुसले की पुरावा गेला. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या खेपेच्या प्रिंटआउटवर एकच कोड होता, पी०७३०, म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही. सोबत त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे आणि तापमान. सुटे भाग बदलूनही तोच कोड दोनदा परत येतो, हे एकदा कागदावर आलं की "ग्राहकाच्या चालवण्याची सवय" हा डीलरचा नेहमीचा बचाव टिकत नाही.

चूक कुठे झाली

२७ डिसेंबरला ग्राहकाने किल्ली शोरूमच्या काउंटरवर ठेवली, "गाडी तुमची, कर्जाचं तुम्ही बघा" असं पत्र दिलं आणि घर गाठलं. पोच घेतली नाही. मग हप्त्याच्या खात्यातले पैसे दुसरीकडे वळवले. ५ जानेवारी २०२५ चा दहावा हप्ता बाऊन्स झाला, ५ फेब्रुवारीचा अकरावाही.

इथे दोन वेगळे करार आहेत आणि ग्राहकाच्या मनात ते एकच झालेले असतात. विक्रीचा करार डीलरशी, वॉरंटी उत्पादक कंपनीची. बँकेने फक्त पैसे उसने दिले आणि तारण म्हणून गाडीवर बोजा चढवला. गाडीत दोष निघाला तरी कर्जफेड चालू राहील, असं कलम कर्जकरारात सहसा असतंच. शोरूममध्ये त्याच टेबलावर कर्जाच्या कागदांवर सह्या झाल्या म्हणून बँक डीलरच्या चुकांना बांधील होत नाही. काउंटरवर ठेवलेल्या किल्लीने तर तीनपैकी एकही नातं संपत नाही: आरसीवर मालक तुम्हीच, कर्जदार तुम्हीच, आणि गाडीने कुणाला धडक दिली तर नोटीस तुमच्याच नावाने येते.

आता थकबाकीचं घड्याळ पाहा. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना कर्जखात्यांची माहिती सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपन्यांना निदान दर पंधरवड्याला द्यावी लागू लागली. म्हणजे १५ जानेवारीला हे खातं १० दिवस थकलेलं दिसलं, ३१ जानेवारीला २६ दिवस, १५ फेब्रुवारीला ४१ आणि २८ फेब्रुवारीला ५४. पूर्वी महिनाअखेरच्या आत भरून टाकलं तर बऱ्याचदा निभावून जायचं. या बदलाने ती सवड निम्म्यावर आली. बँकेच्या आतली वर्गवारी वेगळी चालते. पहिल्या दिवसापासून एसएमए-० (एसएमए म्हणजे थकायला लागलेलं, लक्ष ठेवायचं खातं), ४ फेब्रुवारीला तीस दिवस भरताच एसएमए-१, ६ मार्चला एसएमए-२ आणि ५ एप्रिलला एनपीए, म्हणजे बुडीत धरलेलं कर्ज. एनपीएचा शिक्का बसला की एखादा हप्ता भरून तो निघत नाही. सगळी थकबाकी चुकती केल्यावरच खातं पुन्हा नियमित ठरतं. ही नव्वद दिवसांची रेघ म्हणूनच महत्त्वाची.

सिबिल स्कोअर किती उतरला? ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर दोन चुकलेल्या हप्त्यांमागे नेमके किती गुण जातात, हे बाहेरून कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि जो सांगतो त्याच्यावर विसंबू नका. मात्र ज्याचा इतिहास आतापर्यंत स्वच्छ होता त्याला तीच चूक जास्त महागात पडते. आणि धक्का एकट्या नवऱ्याला बसला नाही. सहकर्जदार म्हणून बायकोच्या अहवालातही जानेवारीपुढे ०२६ आणि फेब्रुवारीपुढे ०५४ उमटले. तिने गाडीच्या कागदांवर एकदा सही केली होती, एवढाच तिचा संबंध. जामीनदार असता तर त्याच्याही अहवालात हे कर्ज दिसलं असतं.

आणखी एक धोका फार थोड्यांना ठाऊक असतो. खात्यात पुरेसे पैसे नसल्यामुळे ऑटो-डेबिट परत गेलं, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ च्या कलम २५ खाली चेक बाऊन्ससारखाच फौजदारी खटला होऊ शकतो: दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. बँकेची मागणीची नोटीस आल्यावर पंधरा दिवसांत रक्कम भरली तर प्रकरण तिथेच थांबतं. अशी नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका.

"सरेंडर करा, विषय मिटेल"

फेब्रुवारीत वसुली एजंटाने हा सल्ला दिला, म्हणजे गाडी स्वतःहून बँकेच्या ताब्यात द्यायची. ऐकायला सोपा, आणि या प्रकरणात त्याहून वाईट वाट दुसरी नव्हती.

नऊ हप्ते भरल्यावर मुद्दल ७,४६,००० च्या आसपास शिल्लक होतं. सरेंडर केलेली गाडी बँक लिलावात काढते. गिअरबॉक्स बिघडलेल्या गाडीला समजा ५,२०,००० आले, तर २,२६,००० रुपये अंगावर उरतात, वर यार्डाचं भाडं आणि लिलावाचा खर्च. ती रक्कम भरेपर्यंत कर्जखातं थकीतच राहतं. पुढे "रिटन-ऑफ" (बुडीत म्हणून सोडलेलं) किंवा "सेटल्ड" (काही रक्कम सोडून मिटवलेलं) अशी नोंद होते. गाडी स्वखुशीने दिली याचं कौतुक अहवालात कुठेही होत नाही.

याहून मोठं नुकसान पुढे होतं. गाडी लिलावात गेली की तपासायला काही उरत नाही. ग्राहक आयोगापुढे दोष सिद्ध करायचा आहे तो ज्या वस्तूत, तीच हातची गेली. सदोष गाडी परत द्यायची असते ती विकणाऱ्याला आणि बनवणाऱ्याला. बँकेला दिलेली गाडी ही परत केलेली गाडी नव्हे, ती जप्तीच.

सावरणं

३ मार्च २०२५ ला, एसएमए-२ च्या तीन दिवस आधी, कुटुंबाने दोन्ही हप्ते भरले: ३५,४९६ रुपये, अधिक बाऊन्सचे आणि दंडाचे आकार. भरण्याआधी बँकेकडून आकारांचा तपशील लेखी घेतला. यामागे कारण आहे. काही बँका आलेले पैसे आधी आकारात वळते करतात आणि मग हप्त्यात काही शे रुपये कमी पडतात. खातं थकीतच राहतं आणि ग्राहकाला वाटतं आपण भरलं. भरून झाल्यावर "आजअखेर थकबाकी शून्य" असं पत्र मागायचं. दंडाचा आकारही तपासायचा: रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या आदेशाप्रमाणे तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

त्यानंतर एकही हप्ता चुकला नाही. कंपनीशी भांडण चालू असताना, गाडी डीलरच्या आवारात धूळ खात असताना दर महिन्याला १७,७४८ भरणं जिवावर येतं, हे खरं आहे. तरीही भरायचं, आणि भरलेला प्रत्येक हप्ता नुकसानभरपाईच्या मागणीत जोडायचा. पैशांची अगदीच ओढाताण असेल तर हप्ता चुकण्याआधी बँकेशी लेखी बोलावं. मात्र कर्जाची पुनर्रचना करून घेतली तर तशी नोंद अहवालात होते आणि पुढची बँक ती वाचते. दोन-चार महिन्यांपुरतं सोन्यावर कर्ज काढून हप्ता सांभाळणं बहुतेक वेळा त्यापेक्षा स्वस्त पडतं.

त्याच आठवड्यात आणखी दोन कामं झाली. गाडी डीलरच्या ताब्यात असल्याची पोच, चासी क्रमांक, मीटरचा आकडा आणि तारखेसह, ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने मागून घेतली. डीलरने उलट "गाडी घेऊन जा, नाहीतर रोजचं पार्किंग भाडं लावू" अशी नोटीस पाठवली. अशी नोटीस जवळपास नेहमीच येते. तिला सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचं की गाडी दुरुस्त झालेली नाही, म्हणून ताबा घेता येत नाही. दुसरं काम विम्याचं. नव्या गाडीचा थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा असतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा एकाच वर्षाचा. तो मार्च २०२५ मध्ये संपत होता. गाडी बंद आहे म्हणून नूतनीकरण राहून गेलं असतं तर कर्जकराराचा भंग झाला असता आणि आवारात काही झालं तर भरपाईही नाही.

ग्राहक आयोगापुढे

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. वस्तूसाठी मोजलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. शुल्क पाच लाखांपर्यंत काहीच नाही, पाच ते दहा लाखांत २०० रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. तक्रार ऑनलाइनही करता येते.

प्रतिवादी तीन केले: उत्पादक, डीलर आणि बँक. उत्पादक हवाच, कारण डीलर आणि उत्पादक यांचं नातं बहुधा स्वतंत्र खरेदी-विक्रीचं असतं आणि दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. एकालाच धरलं की तो दुसऱ्याचं नाव सांगून निसटतो. बँकेविरुद्ध काही मागणी नव्हती. परताव्याचे पैसे आधी कर्जखात्यात जावेत आणि बोजा उतरवला जावा यासाठी ती समोर असलेली बरी.

गाडी बदलून किंवा पैसे परत मिळणं सोपं नाही, हे आधीच सांगायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या प्रकरणात म्हटलं की वॉरंटी भाग बदलून देण्याची असेल तर त्यासाठी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. हाच दाखला कंपनीचे वकील प्रत्येक वेळी देतात. त्याला उत्तर असं: भाग बदलून झाले, एकदा नव्हे दोनदा, आणि तोच कोड परत आला. वॉरंटीत जे शक्य होतं ते करून झालं आहे. यासाठीच वर तीन प्रिंटआउटांवर एवढा भर दिला. दोष नुसता पाहून ठरत नसेल तर कलम ३८ खाली आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो. हा अर्ज तक्रारीसोबतच द्यायचा, युक्तिवादाच्या वेळी आठवून उपयोग नाही.

मागण्या पर्यायी लिहिल्या. आधी पूर्ण किंमत व्याजासह परत, ते नाही तर त्याच मॉडेलची नवी गाडी, तेही नाही तर नवा गिअरबॉक्स आणि वाढीव वॉरंटी. सोबत भरलेलं कर्जव्याज आणि त्रासाची भरपाई. एकच टोकाची मागणी लिहिली आणि उत्पादनदोष पुरता सिद्ध झाला नाही, तर सेवेतल्या त्रुटीपोटी जे मिळालं असतं तेही हातचं जातं.

हप्त्यांना स्थगिती मिळावी म्हणून अंतरिम अर्ज करता येतो. आयोगाला तसा अधिकार आहे. पण त्याच्या भरवशावर हप्ता थांबवू नये. आदेश हातात पडेपर्यंतची थकबाकी अहवालात चढलेलीच असते.

कायद्यात तपासणी लागली तर पाच महिन्यांत, नाहीतर तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. या प्रकरणात आयोगाने मध्यस्थीला पाठवलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १०,४०,००० वर तडजोड झाली. ऑन-रोड खर्चातले एक लाख सुटले. वापरापोटी काही कपात होतेच. मीटर ६,१८० वर थांबला होता म्हणून ती एवढ्यावर राहिली. वाद चालू असताना गाडी पंधरा-वीस हजार किलोमीटर पळवली असती तर "वापरण्याजोगी होती की" हा मुद्दा कंपनीने सोडला नसता.

पैसे कुणाच्या खात्यात

अठरा हप्ते भरून झाले होते. शिल्लक मुद्दल ६,३४,७०९. आणि इथे प्रकरण दुसऱ्यांदा अडखळलं.

कंपनीने तडजोडीनुसार बँकेला बरोबर ६,३४,७०९ पाठवले. पण कर्ज मुदतीआधी बंद करायचं तर आणखी दोन रकमा लागतात. एक, शेवटच्या हप्त्यापासून पैसे पोचेपर्यंतचं रोजचं व्याज: इथे दिवसाला सुमारे १६१ रुपये, अकरा दिवसांचे १,७६९. दुसरी, मुदतपूर्व फेडीचा आकार. व्यक्तीने स्वतःसाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर तो लावता येत नाही, पण गाडीची कर्जं बरीचशी स्थिर दराची असतात. इथे करारात ४ टक्के होता: २५,३८८ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ४,५७०. म्हणजे लागणार होते ६,६६,४३६ आणि आले ३१,७२७ कमी. बँकेच्या प्रणालीने आलेली रक्कम आगाऊ भरणा म्हणून जमा केली आणि खातं चालूच ठेवलं. ५ ऑक्टोबरला पुढचा हप्ता लागणार होता. फरक त्याआधी भरला गेला नसता आणि गाडी दिली, पैसे पोचले, असं समजून ग्राहकाने ऑटो-डेबिटच्या खात्यात काही ठेवलं नसतं तर मिटलेल्या वादावर नवी थकबाकी उभी राहिली असती.

म्हणून तडजोडीच्या कागदात रक्कम आकड्यात गोठवू नये. कर्ज मुदतीआधी बंद करायला किती लागतील हे बँक फोरक्लोजर पत्रात देते, त्याचा आधार घेऊन वाक्य असं हवं: "बँकेच्या फोरक्लोजर पत्राप्रमाणे, प्रत्यक्ष भरण्याच्या तारखेपर्यंत देय असलेली संपूर्ण रक्कम, मुदतपूर्व फेडीचा आकार व करांसह, कंपनी थेट कर्जखात्यात भरेल आणि उरलेली रक्कम ग्राहकाला देईल." फोरक्लोजर पत्र ठरावीक तारखेपर्यंतच चालतं, ती तारीख कंपनीच्या वकिलाला लेखी कळवायची. आणि बँकेकडून खातं बंद झाल्याचं पत्र मिळेपर्यंत हप्त्याचे पैसे खात्यात राहू द्यायचे.

इथे फरकाची रक्कम ३ ऑक्टोबरला भरली गेली, मधल्या दिवसांच्या व्याजासकट. ढोबळ हिशेब असा: १०,४०,००० मधून बँकेचे सुमारे ६,६६,००० गेल्यावर ग्राहकाच्या हाती ३,७३,००० च्या आसपास आले. त्याने घातले होते सुरुवातीचे २,९०,००० आणि हप्त्यांचे ३,१९,४६४. म्हणजे पदरचे सव्वादोन लाखांहून जास्त गेलेच, त्यात एक लाख चार हजार निव्वळ व्याज. पूर्ण भरपाई नाही. पण सरेंडर केलं असतं तर भरलेले सगळे हप्ते बुडून वर दोन लाखांचं देणं उरलं असतं.

गाडीचा ताबा कंपनीला देताना हस्तांतर पत्रावर तारीख, वेळ, चासी आणि इंजिन क्रमांक, मीटरचा आकडा, किल्ल्यांची संख्या लिहून सही-शिक्का घेतला. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन हायपोथिकेशन उतरवलं, फॉर्म २९ आणि ३० ने मालकी बदलली, फास्टॅग बंद केला. मालकी बदलण्यात टाळाटाळ झाली तर सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या भरपाईसाठी मालक म्हणजे आरसीवर नाव असलेला.

अहवालात काय उमटलं

नोव्हेंबरमध्ये चारही कंपन्यांचे अहवाल काढले: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल स्कोअरसह मोफत मिळतो. तिघांत खातं "क्लोज्ड" होतं. एकीकडे मात्र "सेटल्ड".

कारण क्षुल्लक होतं. कंपनी आणि ग्राहक यांच्यातल्या कागदाचं शीर्षकच "सेटलमेंट करार" होतं, त्याची प्रत बँकेला गेली होती आणि कुणीतरी तोच शब्द खात्याला लावला. कर्जाच्या भाषेत "सेटल्ड" म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली. इथे बँकेला शेवटचा पैसाही मिळाला होता. ही नोंद तशीच राहिली असती तर गृहकर्जाच्या अर्जावर पहिलाच प्रश्न तिचा आला असता, नवऱ्याला आणि बायकोला दोघांनाही.

दुरुस्तीचा अर्ज दोन्हीकडे एकाच दिवशी केला: क्रेडिट माहिती कंपनीच्या संकेतस्थळावर आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. सोबत खातं बंद झाल्याचं पत्र, एनओसी आणि भरणा पूर्ण दाखवणारं कर्जखात्याचं विवरण. माहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, बँकेने मान्य केल्यावरच बदलते. म्हणून एकट्या सिबिलला लिहून लोक महिनोन्महिने थांबतात. नियमाप्रमाणे ३० दिवसांत तक्रार निकाली निघाली पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेला सुधारित माहिती पाठवायला. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ३० दिवसांत काही झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, बँकेविरुद्ध आणि माहिती कंपनीविरुद्धही. इथे २४ व्या दिवशी "सेटल्ड"चं "क्लोज्ड" झालं. सहकर्जदाराच्या अहवालासाठी वेगळा अर्ज करावा लागला.

जानेवारीचा ०२६ आणि फेब्रुवारीचा ०५४ मात्र राहिले. त्यासाठीही अर्ज केला होता, गाडी सदोष असल्याचे सगळे कागद जोडून. बँकेने नाकारला आणि तो नकार नियमाला धरून होता: हप्ते त्या तारखांना भरले गेले नव्हते, नोंद खरी आहे. खरी नोंद दुरुस्त होत नाही. पैसे घेऊन ती पुसून देतो म्हणणाऱ्या "क्रेडिट रिपेअर" एजंटाच्या नादी लागू नये. खातं बंद झालं म्हणून ते रकाने लगेच गळूनही पडत नाहीत. त्यांच्यापुढे मार्चपासूनचे ००० उभे आहेत, आणि पुढच्या कर्जांचे, क्रेडिट कार्डाचे नियमित महिने जसे साचतील तसं त्यांचं वजन घटत जाईल.

गृहकर्जाचा अर्ज करताना या दोन रकान्यांचं स्पष्टीकरण बँकेने विचारण्याआधीच जोडायचं ठरलं. एका पानाचं पत्र, आयोगापुढच्या तडजोडीची प्रमाणित प्रत, ३ मार्चचं शून्य थकबाकीचं पत्र आणि कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला. कर्ज मंजूर करणारा अधिकारी माणूस असतो आणि दोन थकलेल्या महिन्यांमागे काय होतं हे त्याला कागदावर दिसलं तर तो ते विचारात घेऊ शकतो. अर्ज मात्र एका वेळी एकाच बँकेत करायचा, कारण प्रत्येक अर्जामागे चौकशीची नोंद होते आणि पडलेल्या स्कोअरवर चार-पाच चौकश्या एकदम दिसल्या की पाचवी बँक फाइल उघडतानाच कचरते.